गडावर वाजतंय ते कोणाचं?

पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या विंचूकाट्यावर वाऱ्याच्या खालोखाल आवाज असतो तो मोबाइलचा. एकाच्या फोनवर ‘तान्हाजी’चं संगीत, दुसऱ्याच्या फोनवर ‘छावा’चे ढोल, आणि पलीकडे एखादी मुलगी हिंदी गाण्याच्या दोन ओळींवर तोच हात पुन्हापुन्हा फिरवून बघत असते. सगळा ऐवज पंधरा-वीस सेकंदांचा. मनासारखं आलं नाही की परत पहिल्यापासून. खाली लोहगडवाडीत, पायऱ्या सुरू होतात तिथून जवळच, एका घरात सुट्टीच्या दिवशी पिठलं-भाकरी मिळते. गिऱ्हाईक पांगलं की त्या घरात या तुकड्यांवरून काका-पुतणीची जुंपते.

काकांना सगळे तात्या म्हणतात. प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पुतणी पिंपरीला एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग करते. सिनेमातले प्रसंग, गाणी, मुलाखती कापून त्यांच्या क्लिपा करणं हा तिचा रोजचा धंदा. तात्या ज्यावर चिडतात ते करूनच तिचं घरभाडं निघतं. माझा स्वतःचा कौल तात्यांकडे झुकतो, हे आधीच सांगून टाकतो. पण पुतणीने त्यांना जिथे जिथे अडवलं, त्या जागा सोडून देण्यासारख्या नाहीत.

सुरुवात तात्यांनीच केली. “सिनेमा वाईट असं मी कुठे म्हणतो? माझं म्हणणं एवढंच, गडावर आलास तर गडाचं ऐक. हे विंचूकाट्यावर उभे राहून तानाजीचं गाणं लावतात. तानाजी पडला कोंढाण्यावर. इथे काय घडलं ते विचारा की. सुरतेहून आणलेली दौलत नेताजी पालकरांनी याच गडावर ठेवली. गणेश दरवाजाच्या बुरुजांखाली सावळे घराण्यातल्यांचा बळी दिला आणि त्याबद्दल वंशजांना या वाडीची पाटीलकी मिळाली, असं आपली जुनी माणसं सांगत आली. पोरं त्याच दरवाजातून वर जातात. त्याच्यावर कुणी गाणं लावलंय? लावणार कुठून, कुणी केलंच नाही.”

“तात्या, साल सांगू?” पुतणी म्हणाली. “तुम्हीच पाठ करून घेतलंय. पुरंदरचा तह १६६५ चा. त्यात कोंढाणा गेला, तसा लोहगडही गेला. कोंढाणा परत आला फेब्रुवारी १६७० मध्ये, आणि लोहगड परत आला तोही १६७० मध्येच. एकाच तहात गेलेले, एकाच वर्षात आलेले दोन गड. मग तानाजीचं गाणं इथे वाजलं तर बिघडलं काय?”

“तुला ठाऊक आहे म्हणून तू जोडतेस. त्या पोराला गडाचं नाव तरी धड येतं का?”

“नसेल येत. पण तो आला ना चढून. ‘तान्हाजी’ २०२० चा, ‘पावनखिंड’ २०२२ चा, ‘छावा’ २०२५ चा. हे सिनेमे नसते तर तो कुठल्या तरी मॉलमध्ये असता. आल्यावर त्याला सांगायचं काम कुणाचं?”

चुलीपुढून काकूंचा आवाज आला. “सांगायला माणूस मोकळा हवा ना. यांच्या हातात परात, माझ्या हातात पीठ.” मग त्यांनी जे म्हटलं ते वाडीत बरेच जण मनातल्या मनात म्हणतात. “अहो, त्या व्हिडिओंनीच आपला रविवार चालतो. शिव्या द्यायच्या तर जरा हळू द्या.”

हे खरंच आहे. २०२३ च्या जुलैत लोहगडाच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी झाली की माणसं तासन्‌तास जागच्या जागी अडकली, आणि त्या अडकलेल्या गर्दीचाच व्हिडिओ देशभर फिरला. व्हिडिओ बघून आलेली गर्दी, आणि गर्दीचा पुन्हा व्हिडिओ. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात लोहगड आहे. म्हणजे हा ओघ आटणारा नाही. मावळाला याची सवयही जुनी. १९९८ मध्ये ‘गुलाम’ आला. त्यात आमिर खानने स्वतः गायलेल्या एका गाण्याने शेजारच्या खंडाळ्याचं नाव अशा घरांत नेलं, जिथे बोरघाट कुणी पाहिला नव्हता. तेव्हा हातात मोबाइल नव्हते. टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांनी तेवढं काम केलं. जतीन-ललित यांचं संगीत निदान काहींना आठवतं. शब्द नितीन रायकवार यांचे, हे घाट चढणाऱ्या शंभरांतल्या एकाला तरी माहीत असेल का, मला शंका आहे.

तात्यांचा खरा राग गर्दीवर नाही. तो कापण्यावर आहे. “गाणं म्हणजे काय, वेलीवरची काकडी आहे का, वाटेल तिथे चिरायला?” असं ते म्हणाले. पुतणी बहुतेक याचीच वाट बघत होती.

“तुमचे भीमसेन जोशी गायक कशामुळे झाले?”

तात्या सावध झाले. भीमसेन हा त्यांचा हळवा कोपरा. त्यांची संतवाणी लागली की तात्या हातातलं काम खाली ठेवतात.

“रेकॉर्डमुळे,” तिनेच उत्तर दिलं. “लहानपणी गदगला दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि पोरगं वेडं झालं. १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून पळालं. ती रेकॉर्ड केवढी असेल? जुन्या अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफिलीत तासभर गाणारा माणूस तेवढ्यात बसवलेला. तीही क्लिपच झाली. कुणीतरी कापलं, दाबलं, विकलं. म्हणून तर भीमसेन मिळाले तुम्हाला.”

हा घाव बसला. तात्या थोडा वेळ पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापत राहिले. मग त्यांनी जे उत्तर दिलं, ते मला या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

“रेकॉर्डवर नाव होतं ना? मधल्या गोल कागदावर, खाँसाहेबांचं? पोराला कळलं, हा आवाज कोणाचा. मग शोध घेता येतो. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, ते कुंदगोळला, तिथवर पोरगं पोचलं. आता तू मला सांग, त्या तबकडीवर दुकानदाराचं नाव छापलं असतं तर भीमसेन कुठे गेला असता? दुकानातच नोकरीला राहिला असता.”

पुतणी हसली नाही. ती या कामातली असल्यामुळे तात्या कुठे बोट ठेवताहेत हे तिला त्यांच्यापेक्षा नीट कळलं. तिने फोन काढून आम्हाला दाखवलं. एका रीलवर जुनं मराठी भावगीत वाजत होतं. स्क्रीनच्या खालच्या बाजूला, जिथे गाण्याची माहिती यायची, तिथे ‘ओरिजिनल ऑडिओ’ असं लिहिलेलं, आणि पुढे एका हॉटेलच्या खात्याचं नाव. कुणीतरी त्या हॉटेलात बसून रेडिओवरचं गाणं फोनमध्ये टिपलं, वर चढवलं. अ‍ॅपने गाणं ओळखलं नाही, म्हणून त्याच्या लेखी तो आवाज त्या हॉटेलचा. पुढे ज्यांनी ज्यांनी ते गाणं उचललं, त्या सगळ्यांच्या रीलवर हॉटेलचंच नाव गेलं. गायिका नाही, संगीतकार नाही, कवी तर नाहीच.

“हे चूक आहे,” ती म्हणाली. “यात मी तुमच्या बाजूने आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना हे जास्त कळत होतं. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानच्या रेकॉर्डी झाल्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना आवाज कुणाचा ते कळावं म्हणून ती बाई गाणं संपता संपता इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. ऐकलंत तर अंगावर काटा येतो. पण तात्या, त्यासाठी छोटं करणंच पाप, असं कसं म्हणता? राज्यगीताचंच बघा. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते लागू झालं. मूळ गाण्यातली दोनच कडवी घेतली, १ मिनिट ४१ सेकंदांत बसवलं. सरकारने कापलं, आणि चांगलं कापलं.”

“बरोबर आहे. आणि आमच्या शाळेत लावायच्या आधी मास्तर सांगतात : कवी राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. तीन नावं. त्याला किती सेकंद लागतात?”

इथे वाद मिटायला हरकत नव्हती. पण सिनेमाचा विषय निघाला, आणि नावं लिहून भागत नाही अशी जागा समोर आली.

तात्यांनी ‘पिंजरा’ जत्रेत, तंबूत बघितला. व्ही. शांताराम यांचा, १९७२ चा. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी, उषा मंगेशकरांचा आवाज, आणि डॉ. श्रीराम लागूंचा पहिलाच मोठा सिनेमा. तमाशाचा फड गावाबाहेर घालवायला निघालेले गुरुजी स्वतःच त्या फडात तुणतुणं घेऊन उभे राहतात, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जातात. गावाने देव मानलेला गुरुजी गावासाठी मेलेलाच राहावा म्हणून तोंडातून शब्द काढत नाहीत. तरुण तात्या तेव्हा नुकतेच मास्तर होऊ घातले होते. ते म्हणतात, “त्या रात्री मी चालत घरी आलो आणि झोपलो नाही. आता काय दिसतं? संध्याबाईंचा नाच. अर्धा मिनिट. खाली लिहिलेलं, काय अदा, काय नखरा. अगं, ती लावणी नखऱ्याची नाहीच. समोर एक माणूस संपतोय, त्याची लावणी आहे. तो माणूस कुठे गेला?”

“तो फ्रेमच्या बाहेर गेला,” पुतणी म्हणाली. “थांबा, दाखवते. हे मीच करते रोज.”

तिने लॅपटॉप उघडला. एका जुन्या तमाशापटातला प्रसंग होता, आडवा, पडद्याला शोभेलसा. मधे नाचणारी, डावीकडे ढोलकीवाला मान वाकडी करून तिच्या पायांकडे बघतोय, त्याच्यामागे हलगी, उजवीकडे तुणतुणं, आणि समोर पाठमोरं पब्लिक, फेट्यांच्या ओळी. मग तिने त्यावर एक उभी चौकट ठेवली. फोन उभा धरतात, म्हणून चौकट उभी. चौकटीत मावली फक्त नाचणारी. ढोलकीवाल्याचा एक हात कडेला आला होता. तो विचित्र दिसतो म्हणून तिने चौकट दोन बोटं उजवीकडे सरकवली. हातही गेला.

“झालं,” ती म्हणाली. “एवढंच काम. दिवसाला अशा कितीतरी.”

तात्या पुढे वाकून बघत होते. पखवाजी माणूस, पडद्यावरच्या त्या ढोलकीवाल्याची थाप त्यांना ऐकू येत होती आणि हात दिसत नव्हता. “परत आडवं कर,” ते म्हणाले. तिने केलं. “बघ, तो तिच्या पायांकडे बघतोय. तिने गिरकी घेतली तेव्हा त्याने बोल बदलला. ती त्याला डोळ्याने सांगते, तो हाताने उत्तर देतो. लावणी या दोघांत चालते. तू अर्धी बाजू फेकलीस.”

“फेकली,” ती म्हणाली. “पण मी ती फेकली नसती तर हे कुणी उघडलंच नसतं. आडवा व्हिडिओ उभ्या फोनवर पट्टीएवढा दिसतो. माणूस अंगठ्याने वर सरकवून पुढे जातो. माझ्यापुढे दोनच रस्ते असतात. अर्धी लावणी दाखवायची, किंवा कुणालाच काही दाखवायचं नाही. त्या अर्ध्या लावणीखाली माझ्या वयाच्या मुली विचारतात, सिनेमा कुठला, कुठे बघायला मिळेल. सगळ्या नाही विचारत, काही विचारतात. त्या काहींसाठी मी हे करते.”

मला वाटतं, ती इथे स्वतःला फसवत नव्हती. बाजारात राहून जेवढं करता येतं तेवढं ती करते. पण ढोलकीवाल्याचा हात चौकटीबाहेर सरकताना मी पाहिला आहे. तेव्हापासून कुठलीही उभी क्लिप बघताना माझी नजर कडांवर जाते : इथून कोण गेलं असेल?

लेझमीच्या बाबतीत मात्र दोघांनी जागा बदलल्या. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग काढून टाकला, आणि सिनेमा १४ फेब्रुवारीला त्याच्याशिवाय लागला. क्लिपांच्या नावाने बोटं मोडणारे तात्या त्या प्रसंगाच्या बाजूने उभे, आणि क्लिपांवर पोट असलेली पुतणी काढला ते बरं झालं म्हणणारी.

“चार-पाच सेकंदांवर निकाल लावला,” तात्या म्हणाले. “सिनेमा कुणी पाहिला नव्हता. प्रसंगाच्या आधी काय, नंतर काय, कुणाला पत्ता नाही. महाराजांनी लेझीम हातात घेतली की नाही, त्याला कागद लागतात, तो वाद अभ्यासकांनी घालावा. पण ‘नाचताना दाखवलं’ म्हणून जे बोलले, त्यांना लेझीम ठाऊक आहे का? मी चौथीच्या पोरांना तीस वर्षं लेझीम शिकवली. दांडा हातात, साखळीत पत्र्याच्या चकत्या. हलगीवर पाऊल पडलं पाहिजे, कमरेतून वाकून परत ताठ उभं राहिलं पाहिजे, आणि रांगेतल्या चाळीस पोरांच्या चकत्या एकदम वाजल्या पाहिजेत. दहा मिनिटांत घाम फुटतो. तो व्यायाम आहे, आखाड्यातला. ते हलकं कधीपासून झालं?”

“लोकांच्या मनाला लागलं, तात्या. महाराज म्हणजे सिनेमातला हिरो नव्हे. ट्रेलरमुळे आधी कळलं, म्हणून वेळेवर सुधारता आलं. आणि एक सांगते, ट्रेलर कापणारा मुद्दाम तोच शॉट उचलतो जो डोळ्यात भरेल. मीही तेच केलं असतं. तेवढ्या शॉटवर तिकिटं विकायची असतील, तर तेवढ्याच शॉटवर लोकांनी तोललं, याची तक्रार करता येत नाही.”

तिचं शेवटचं वाक्य मला खोडता आलं नाही. तरी मी इथे तात्यांच्या बाजूचा आहे. जो प्रसंग आपण पाहिलाच नाही त्याबद्दल आपण सगळे ठाम मत देऊन बसलो होतो, मीसुद्धा, आणि आता तो प्रसंग कसा होता हे तपासायची सोयही उरली नाही.

जेवणं झाली. पाऊस थांबला होता. ‘सैराट’चा विषय कसा निघाला ते आठवत नाही, बहुतेक शेजारच्या वाडीत हळद होती आणि डीजेवर अजय-अतुल लागले असावेत. तात्या म्हणाले की हळदीला ते गाणं लावणाऱ्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नसतो. पुतणी म्हणाली, पाहिलेला असतो, तरी नाचतात, आणि नाचावंच. मग ती जरा वेगळ्याच सुरात बोलायला लागली. “२०१६ मध्ये मी तो थिएटरात पाहिला. अजय-अतुलने त्यासाठी हॉलीवूडला जाऊन मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला. एवढं संगीत हातात असलेला माणूस, नागराज मंजुळे, शेवटच्या प्रसंगात काय करतो? सगळं बंद करतो. आवाजच नाही. ते पोर आणि त्याची पावलं, आणि थिएटरात कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. त्याची क्लिप मी नाही करू शकत. फोनवर अर्धा मिनिट शांतता आली की माणसाला वाटतं फोन बिघडला. ती शांतता ऐकायला आधीचे अडीच तास अंगावर घ्यावे लागतात. कापायला बसले की मी आधी हे बघते, यातलं काय कापता येणार नाही. सिनेमा चांगला की बरा, हे मला तिथे कळतं.”

तात्या काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. ही कसोटी मी यापूर्वी कुणाकडून ऐकली नव्हती. समीक्षकांनी उचलावी अशी आहे.

मग तिनेच तात्यांच्या नावाच्या आग्रहाला उलटं धरलं. लोहगडवाडीहून मळवलीकडे उतरताना भाज्याची लेणी लागतात, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथल्या शेवटच्या विहारात एका शिल्पात एक बाई तबल्या-डग्ग्यासारखी वाद्यं वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. “कुणाचं नाव आहे तिथे?” तिने विचारलं. “वाजवणारीचं नाही, कोरणाऱ्याचं नाही. तरी तुम्ही शाळेच्या सहली नेऊन सगळ्यांना ती दाखवलीत. नाव नसलं म्हणून काय कमी झालं?”

“कमी झालंच की. मला ते नाव हवं आहे,” तात्या म्हणाले. “पण एक लक्षात घे. तिच्याखाली दुसऱ्या कुणी आपलं नाव घातलेलं नाही. आणि समोर कार्ल्याला जा. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, पैसे देणारा, त्याचं नाव आहेच. पण दाराच्या कामावर सुताराचंही नाव आहे. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी. बापाच्या, गावाच्या नावासकट. एवढ्या मोठमोठ्या दानशूरांच्या गर्दीत एका सुताराला वाटलं आपलं नाव राहावं, आणि बाकीच्यांनी ते राहू दिलं. तुमच्या त्या फोनला एवढं जमू नये?”

तिने यावर वाद घातला नाही. तिने फोनमधलं दुसरंच काही उघडलं. गेल्या एकादशीचं मंडळाचं भजन तिने टिपलं होतं, त्याची क्लिप तयार होती, तात्यांना विचारून टाकायची होती. पखवाज चांगला उठला होता, टाळांचा झणत्कार होता, आणि या वेळी चौकटीत तात्यांचे दोन्ही हात होते. तिने मुद्दाम ठेवले होते. तात्यांनी पूर्ण पाहिली. मग म्हणाले, “शेवट कापलास.”

“तीस सेकंदांच्या वर गेलं असतं.”

“अभंग तुकोबांचा. त्यांनी नाव शेवटच्या चरणात घातलंय. ‘तुका म्हणे’ यायच्या आत तू थांबलीस. नामदेवांचा, जनाबाईंचा, कुणाचाही अभंग घे, नाव शेवटालाच असतं. शाहीरही पोवाड्यात आपलं नाव गुंफतो. आपल्या लोकांनी नाव गाण्याच्या आतच ठेवलंय, कागदावर नाही. तुझी कात्री नेमकी तिथेच पडते.”

“ठेवते,” ती म्हणाली. “पहिलं आवर्तन काढते, शेवट ठेवते. पण मग तुमचंही एक विचारते. त्याच रात्री तुम्ही गौळण म्हटलीत, तिची चाल ‘नागिन’ची होती. १९५४ चा सिनेमा, हेमंतकुमारांचं संगीत, आणि तो पुंगीचा आवाज कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर काढलेला. लहानपणापासून ऐकतेय मी ती गौळण. मंडळात कुणी कधी हेमंतकुमारांचं नाव घेतलंय?”

काकू आतून म्हणाल्या, “आता बोला.”

“नाही घेतलं,” तात्या म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. “कुणाला ते सिनेमाचं आहे हे माहीत होतं, कुणाला नव्हतं. आपण देवाच्या नावावर खपवलं. लिही. गौळण टाकशील तेव्हा हेमंतकुमारांचं नाव लिही. कल्याणजींचंही.”

“आणि या अभंगाला? शब्द संत तुकाराम. पखवाज तुम्ही. टाळकरी सात, सगळ्यांची नावं मी आणली आहेत. चाल कोणाची? ‘पारंपरिक’ लिहू?”

“पारंपरिक लिहिलं की कुणाचीच नाही असं होतं. ही चाल माझ्या आधी जे बुवा पखवाजाला होते त्यांनी आणली. पवन मावळातून, तिकडच्या एका दिंडीत ऐकून. त्यांनी तरी कुणाकडून उचलली ते त्यांच्या मुलाला ठाऊक असेल. फोन दे इकडे.”

“तात्या, साडेनऊ वाजलेत.”

“भजनी घरातला आहे, जागा असेल. लाव तू.”